चाखून दिलेली काकडी

न चाखलेली काकडी काकाजींनी कधी विकली नाही. नव्या वेलाला फळ धरले की त्यातली एक तोडायची, देठाकडचा तुकडा दाढेखाली धरून डोळे मिटून चावायचा आणि थुंकून टाकायचा. कडू निघाली तर तो वेल तिथल्या तिथे उपटून बांधावर. वर्ध्याच्या बाजारात बसले की ते एवढेच म्हणत, "चाखून आणली हाय." गिऱ्हाईक पुढे काही विचारत नसे.

काकाजी म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. सिंदी मेघेच्या कडेला त्यांचे वावर होते. साठी ओलांडल्यावर त्यांच्या वरच्या दाढा एकेक करून गेल्या. कवळी करून घेतली, पण ती टाळू झाकत असे. "काकडी कुठं, मी तं प्लास्टिक चाखून राह्यलो," म्हणत त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात टाकली आणि तिथेच ठेवली.

पक्के दात बसवून घ्या, हे माझेच म्हणणे. दातांच्या डॉक्टरांनी जबड्याचा फोटो काढून दाखवला. दाढा जाऊन बरीच वर्षे झाल्याने वरचे हाड झिजून पातळ झाले होते आणि त्याच्या लगेच वर नाकाशेजारची पोकळी. आधी त्या पोकळीचा तळ उचलून खाली हाडाचे दाणे भरायचे, ते घट्ट होईपर्यंत सहा-आठ महिने थांबायचे, मग त्या हाडात स्क्रू, मग पुन्हा थांबायचे, मग त्यावर दात. काकाजींनी सगळे ऐकून घेतले. "एवढ्यात तं माह्ये तीन हंगाम निघतात," ते म्हणाले, पण तयार झाले.

दाणे भरून घरी आल्यावर सूचनांचा कागद मी त्यांना दोनदा वाचून दाखवला. नाक शिंकरू नका. शिंक आली तर तोंड उघडे ठेवा. स्ट्रॉने पिऊ नका. फुगा फुगवू नका. फुग्यावर ते हसले. सगळे पाळलेही. बाराव्या दिवशी ठिबकची नळी तुंबली. काकाजींनी ती उचलली, तोंडाला लावली आणि जन्मभर फुंकत आले तशी जोर लावून फुंकली. संध्याकाळी नाकातून रक्त आले, त्याबरोबर पांढरे दाणे.

मी खूप बोलले. ते खाली मान घालून बसले होते. मग म्हणाले, "नळी लिवली होती का व तुह्या कागदात?" लिहिली नव्हती. त्याचा राग मी त्यांच्यावरच काढला.

जखम भरल्यावर सगळे पुन्हा केले. या वेळी मी कागदावर पेनाने नळी लिहिली, पाण्याची मोटर लिहिली, टोपले उचलणे लिहिले, काकडी चावून थुंकणेही लिहिले. लिहीत गेले आणि त्यांना करण्यासारखे काही उरले नाही. वावर काकू पाहत. काकाजी बांधावर खुर्ची टाकून बसत. दर रविवारी मी गेले की काकडी पुढे करत, "चाख." मी चाखून चांगली आहे म्हणायची. मला सगळ्याच सारख्या लागत. बाजारात मात्र तेच बसत; एकदा नेहमीच्या गिऱ्हाईक बाईंनी अर्धी खाल्लेली काकडी परत आणून त्यांच्यासमोर ठेवली आणि निघून गेल्या. त्या दिवसापासून काकाजींनी "चाखून आणली हाय" म्हणणे बंद केले.

हाड छान धरले आहे, असे डॉक्टर सहाव्या महिन्यात म्हणाले. स्क्रूची तारीख ठरली. डॉक्टरांचा आनंद मला खोटा वाटला नाही, पण काकाजींनी तोंडदेखलेही हसून दाखवले नाही.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी पुन्हा काकडी पुढे केली. "तू सदा चांगलीच म्हणते," ते म्हणाले. "माह्यं मन नको राखू. खरं सांगजो." मी बराच वेळ चावत राहिले. मग मी म्हणाले, "कडू आहे."

ते उठले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच वावरात उतरले आणि ती काकडी ज्याची होती तो, मांडवावरचा सर्वांत जोमदार वेल त्यांनी मुळापासून उपटला. परत येताना त्यांचा चेहरा जुना, कामातला दिसत होता. मला त्यांना थांबवता आले असते.

गुरुवारी सकाळी चहा पिताना काकाजी गेले. डॉक्टरांनी हृदयाचे कारण सांगितले. ती काकडी खरोखर कडू होती का, हे मला अजून सांगता येत नाही.