मामाच्या चाकूला मी पाणी पाजलं

खिशात ठेवायचा एक चाकू घ्यायचा, एवढंच ठरलं होतं. मी नाशिकला दातांचा डॉक्टर आहे. घरी आलेलं पार्सल किल्लीने फोडतो आणि ट्रेकला गेलो की काकडी दुसऱ्याच्या चाकूने कापतो. चाळिशीत माणसाकडे स्वतःचा चाकू असावा असं वाटलं, म्हणून इंटरनेटवर बघायला बसलो आणि तिथेच फसलो. चाकू राहिला बाजूला, पात्याचं स्टील हाच विषय होऊन बसला. कार्बन जास्त तर धार झकास लागते पण गंज चढतो. क्रोमियम जास्त तर गंजायला वेळ लागतो, पण काही जातींना धार लावताना नाकी नऊ येतात. दोन्ही गुण असलेलं घ्यावं, तर तेवढ्या पैशात घरी मिक्सर येतो. दोन महिन्यांत माझा अकरा स्टीलांचा रंगीत तक्ता तयार झाला आणि बायको माझ्याशी फक्त कामापुरतं बोलायला लागली.

एकदा मामाशी फोनवर बोलताना मी त्याला तक्ता वाचून दाखवला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, राहायला कोल्हापूरला मंगळवार पेठेत. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात त्याने तीस वर्षं काढली. वारणेकाठच्या फडांतून हिंडायचं, ऊस कापायचा, चाखायचा आणि तोडीला आलाय का ते सांगायचं, अशी सुखाची नोकरी.

तिसऱ्या स्टीलला त्याने मला थांबवलं. "तक्तं कसलं करतोस लेका? हिकडं ये की. पोलाद कागदावर कळतंय व्हय?"

म्हणून नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी पहाटे पाचला गाडी काढली. नाशिक-पुणे ठीक. पुण्याच्या पुढे साताऱ्यापासून रस्त्याचं काम चालू आहे, त्यामुळे दर दहा मिनिटांनी 'पर्यायी मार्ग' लागतो आणि तो कशाला पर्याय आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. पेट्रोल आणि टोल मिळून एका बाजूचे साधारण चार हजार धरा. तुम्ही विमानाने येणार असाल तर परत जाताना चाकू हातातल्या पिशवीत ठेवू नका, तो विमानतळावरच राहील.

तीनला पोचलो. मामीने पिठलं-भाकरी वाढली आणि जेवण झाल्यावर मामाने खिशातून स्वतःचा चाकू काढला. घडीचा, म्हशीच्या शिंगाची मूठ, पातं भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखं काळंनिळं. मी हात पुढे केला, तर त्याने तो जमिनीवर ठेवला.

"उचल. चाकू हातात देऊ ने, भांडण लागतंय."

या चाकूवर त्याने तीस वर्षं ऊस चाखला होता. आता निवृत्तीनंतर त्याच्यावर पेरू चालतो. मामाला कवळी आहे, ती चार वर्षांपूर्वी मीच करून दिली. कवळीने पेरू चावत नाही म्हणून तो कागदासारख्या पातळ चकत्या करतो आणि एकेक गालात ठेवतो. चाकू नसेल तर त्याचा पेरू बंद, असा सरळ हिशेब. मी तक्ता पुढे केला. त्याने चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला.

"ह्यात कागलचं न्हाई."

"मामा, कागल हे स्टील नाही."

"मग ह्यो चाकू कागलला झाला, त्यो काय लाकडाचा हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा-मामी एसटीने निपाणीला लेकीकडे गेले, नातवाचं जावळ होतं. रविवारी संध्याकाळी सातपर्यंत येणार होते. जाताना मामा म्हणाला, "चाकू ठ्येव तुज्याकडं. दोन दिस वापर, मग ठरीव कसला घ्यायचा त्ये. माझ्या पेरवाला तेवढा परत पायजे."

शनिवार मी बाजारासाठी ठेवला होता. आधी मिसळ खाल्ली. इथे मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडच्या स्लाइस येतात, आणि कट मागाल तेवढा मिळतो. मी दोनदा मागितला, तुम्ही एकदाच मागा. डोळे पुसत लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात शिरलो आणि पन्नास चाकू काढायला लावले.

"याचं स्टील कोणतं?" मी विचारलं.

"स्टीलचंच स्टील हाय, पावणं."

"तसं नाही, ग्रेड कोणता?"

दुकानदाराने चाकूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "लई भारी ग्रेड हाय."

मी खिशातून लोहचुंबक काढला. आमची दवाखान्यातली पक्कड असो की चाकू, जे स्टेनलेस तापवून कडक करतात त्याला चुंबक चिकटतोच, म्हणजे या परीक्षेतून काही सिद्ध होत नाही हे मला पाठ होतं. पण नाशिकहून आणलाय तर वापरावा. तो पन्नासही चाकूंना चिकटला, मग वजनकाट्याला चिकटला आणि तिथून काही सुटेना. शेवटी दुकानदार आणि मी दोघांनी मिळून ओढला. चाकू न घेता निघालो तेव्हा तो म्हणाला, "पावणं, चुंबक इकायचा हाय का?"

दुपारी रंकाळ्याच्या काठावर बसून मामाच्या चाकूने पेरू कापला. पेरूच्या बीवर धार अडकल्यासारखी वाटली. लगेच मामाला फोन लावला. मागे बायकांची गडबड, पोराचं रडणं.

"मामा, धार गेल्यासारखी वाटतेय."

"आं? मग पाणी उतरलं आसंल. पाणी पाजाय पायजे त्येला!" आणि पोराने भोकाड पसरलं, फोन बंद.

आता माझी बाजू ऐका. गेली पंधरा वर्षं मी दिवसातून चार वेळा एकच वाक्य म्हणतो: कवळी रात्री पाण्यात ठेवायची, कोरडी ठेवली तर वाकडी होते. म्हटलं, जुन्या पोलादाचंही तसंच काही असेल. जुन्या लोकांना ठाऊक असतं. जेवण झाल्यावर मी काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, चाकू अर्धवट उघडून त्यात उभा केला आणि छान झोपलो. आणि हो, पाणी कोमट होतं. चिमूटभर मीठही घातलं होतं. सवयच आहे, माझ्याकडे हिरड्या सुजलेल्या कुणालाही मी हेच सांगतो.

रविवारी सकाळी ग्लासात चहा होता.

तो चहा नव्हता. पात्यावर केशरी गंज, घडीचा सांधा जॅम, उघडेना की मिटेना. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मामाने तीस वर्षं उन्हापावसात, उसाच्या रसात हा चाकू वापरला आणि मी तो एका रात्रीत घालवला होता. मला खरोखर रडू यायला लागलं होतं. संध्याकाळी सातला तो माणूस पेरू घेऊन बसणार होता.

चाकू टॉवेलात गुंडाळून कागलची वाट धरली. कोल्हापूरहून वीसेक किलोमीटर, बेंगळुरूचा महामार्ग. तिथे लोहारकाम कुठे चालतं असं पहिल्याच पानटपरीवर विचारलं, त्याने "यल्लाप्पाकडं जावा" म्हणून बोट दाखवलं. यल्लाप्पा पत्र्याच्या शेडमध्ये खुरप्याला धार लावत होते. वय सत्तरीचं, अंगात बंडी. बायको भट्टीचा पंखा सांभाळत होती. मामाचं नाव सांगून चाकू दाखवताच त्यांनी तो ओळखला.

"ह्यो मी केलाय. गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याचा हाय. पर ह्येला झालंय काय?"

"पाणी पाजलं," मी म्हटलं.

"कुणी?"

"मीच."

"भट्टी हाय तुमच्याकडं?"

"नाही. ग्लासात."

यल्लाप्पांनी खुरपं खाली ठेवलं. "गिलासात."

"रात्रभर. कोमट पाण्यात. चिमूटभर मीठ घालून."

त्यांनी बायकोकडे वळून कानडीत सांगितलं, "चाकूग नीर कुडस्यान!" चाकूला पाणी पाजलंय म्हणतो. त्या माउलीने पंखा बंद केला, तोंडाला पदर लावला आणि जी बसली ती उठेचना. यल्लाप्पा मात्र गंभीर होते.

"मीठ घातलासा तर लिंबू बी पिळायचं की. सरबत झालं आसतं."

मग त्यांनी मला समजावलं. पाणी पाजायचं म्हणजे पातं लाल करून बुडवायचं, त्याने पोलाद कडक होतं. ते काम लोहाराचं. "पाणी एकदाच, जल्माला येताना. त्येच्या म्होरं जल्मभर त्याल. पाण्यात घालून ठेवतासा, त्यो काय मासा हाय?"

सांध्यात डिझेलचे चार थेंब सोडले. ते मुरेपर्यंत चहा झाला. मग चाकू हळूच उघडला, पात्यावर चिंच चोळली, बारीक पॉलिश पेपरने एकाच दिशेने घासलं, धुतलं, लगेच पुसलं आणि भट्टीच्या कडेला ऊब लागेल असं ठेवलं. नंतर दगडावर धार.

"पाणी उतरलंच नव्हतं," ते अंगठ्याने धार बघत म्हणाले. "तुमच्या मामानं पाच-सा वर्सं दगड लावला न्हाई, येवढंच. दोघं बी थोर हायसा."

गंज गेला, काळानिळा रंगही बराचसा गेला. वापरता वापरता तो परत येईल आणि तोच पात्याला सांभाळेल, असं ते म्हणाले. टोकाशी गंजाने खाल्लेले दोन बारीक खड्डे मात्र राहिले.

"त्ये जाणार न्हाईत. मामा इचारतील."

मी घाबरत तक्ता काढला. माझ्यासाठी कोणतं पोलाद बरं, असं विचारलं. त्यांनी कागद हातातही घेतला नाही. "पुसायची सवय आसंल तर ह्ये, पाट्याचं. कापलं की पुसायचं, खोबऱ्याच्या त्यालाचा हात फिरवायचा, कातड्याच्या पाकिटात डांबून ठेवायचं न्हाई. इसराळू आसंल तर स्टेनलेस, तरी बी पुसायचं. आन मीठ घालणारा आसंल तर प्लास्टिकचा."

कामाचे दीडशे घेतले. मी हात जोडून म्हटलं, मामाला फोन करू नका. "भट्टीची आन, मी न्हाई सांगणार," असं ते म्हणाले. त्यांच्या बायकोने कसलीही आन घेतली नव्हती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. गाडी लावली होती तिथल्या हॉटेलात पाणी मागितलं, तर मालक म्हणाला, "तुमास्नी का चाकूला?"

सातला मामा आला. हातपाय धुतले, पिशवीतून निपाणीहून आणलेला पेरू काढला. मी चाकू जमिनीवर ठेवला. त्याने उचलला, उघडला, टोक दिव्याकडे धरलं. मी म्हटलं, "मामा, मला तुला एक..."

"पेरू खा," तो म्हणाला. चकती एवढी पातळ निघाली की पलीकडची मामी दिसली. "धार झकास लागलीया." आणि पुढची चकती कापायला घेतली. मला त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोमवारी सकाळी मी निघण्याच्या तयारीत होतो. मामा बाहेर आला तो गाल आत गेलेला, तोंडाचं बोळकं. ओट्यावरच्या स्टीलच्या वाटीकडे त्याने बोट केलं. वाटीत खोबरेल तेल, आणि तेलात मी केलेली कवळी.

"रातभर ठेवलीया," तो बोळक्या तोंडाने म्हणाला. "म्हटलं, गंज चढाय नको."

मी हातातली बॅग खाली ठेवली.

"चिमूटभर मीठ बी घातलंय."

मामी आतून इतकी हसली की दूध उतू गेलं. कागलच्या बाईंनी कुणाला सांगितलं आणि त्यांनी कुणाला, याची साखळी मामाला पाठ होती. मीही हसत सुटलो आणि हसता हसता वाटीतली कवळी उचलली. सवयीने उलटी करून पाहिली. आतल्या बाजूला कापसाचे तुकडे चिकटवलेले होते.

"हे काय?"

मामाने कवळी घ्यायला हात पुढे केला. मामीच म्हणाली, "दोन वर्सं हलतीया ती. भाच्यानं केलीया, वाईट वाटंल म्हणून बोलत न्हाईत."

मी एका रात्रीचा गंज लपवत होतो आणि हा माणूस दोन वर्षं माझी सैल कवळी लपवत होता. मला मनापासून लाज वाटली. त्या दिवशी नाशिकला निघालोच नाही. कोल्हापुरातल्या एका वर्गमित्राच्या दवाखान्यात मामाला नेऊन माप घेतलं आणि पुढच्या महिन्यात आणखी दोन फेऱ्या मारून नवी कवळी बसवली. येताना दरवेळी भडंग आणलं. रस्त्याचं काम अजून चालू आहे.

स्टीलचा तक्ता मी फाडून टाकला. चाकू मात्र घ्यायचा राहूनच गेला होता.

परवा दवाखान्यात कुरिअर आलं. खुर्चीवर एक आजोबा तोंडात कापूस घेऊन बसले होते. मी सवयीने किल्लीने खोका फोडला. आत तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला म्हशीच्या शिंगाचा चाकू, टोकाशी दोन खड्डे, आणि मामाच्या अक्षरात चिठ्ठी: "आता पेरू चावतोय. मला दात झाले, चाकू तुला. हातात द्यायचा नसतो म्हणून कुरिअरने पाठवलाय. तहान लागली म्हणाला तरी पाणी देऊ नको."

मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होतो. मागून आजोबांनी तोंडातला कापूस काढला आणि काळजीने विचारलं, "डॉक्टर, फार दुखतंय का?"