जेवणानंतरची गोळी

भगर शिजल्याचा वास आला की मला श्रावणातली ती सकाळ आठवते. आमच्या ह्यांना नैराश्यावरची गोळी सुरू होऊन चार महिने झाले होते आणि हे पुन्हा चादरीच्या कारखान्यात नीट जाऊ लागले होते. मी सातलाच कामावर निघायची, म्हणून सकाळची गोळी सासूबाई द्यायच्या. त्या दिवशी हे उठेनात. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मी नसलो तर तुमचं बरं चालंल." गोळ्यांआधी ते अगदी हेच बोलायचे. मी डबा उघडला तर गोळ्यांची पाकिटं जवळजवळ भरलेली. सासूबाईंना विचारलं, "आत्या, गोळ्या का दिल्या नाहीत?" "कशा देऊ? डाक्टर म्हणले, जेवल्यावर द्या. श्रावणभर दिवसा उपास हाय की त्येचा." "सकाळी भगर खातात ना?" "फराळ म्हंजी जेवण व्हय?" मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, भगरीवरही चालेल, आत्ताच द्या, एकटं सोडू नका आणि दुपारी घेऊन या. मी भगरीची ताटली उचलली, तर सासूबाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली. दुधात भाकरी कुस्करून त्या लेकापाशी बसल्या. "डाक्टर जेवण म्हणलाय, तर जेवणच. पाप लागंल ते मला लागू दे. तोंड उघड." ह्यांनी उघडलं. गोळी लागू पडायला पुढे तीन आठवडे गेले; आम्ही दोघी पाळीपाळीने ह्यांच्याजवळ बसून राहिलो. आज सासूबाई नाहीत. श्रावणातही हे सकाळी भाकरी खातात, आणि कुणी विचारलं तर सांगतात, आईनं उपास सोडायला लावलाय.