मनगटावर पारखलेलं शॉकअपचं तेल

आमच्या घराण्यात तेल नाकाने निवडतात.

वाशीमच्या बाजारात आमचं अत्तराचं दुकान आहे. मनगटावर थेंब टेकवायचा, हलकेच पसरवायचा, डोळे मिटून हुंगायचं. आजोबा असंच करायचे, अब्बा असंच करतात, आणि मी तर एकदा डोळे मिटले की उघडायचेच विसरतो! त्यामुळे "पोट्टा खयालातच राह्यते" ही माझी कीर्ती थेट आसेगावपर्यंत गेलेली. आणि नेमकी आसेगावातच नाझनीन राहत होती! कामरगावच्या एका लग्नात तिला ओझरतं पाहिलं, तेव्हापासून मी गुलाब मागणाऱ्याला खस देत होतो. अब्बांनी मागणी घातली, तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे किराणावाल्या हाजीसाहेबांनी, निरोप धाडला : "जुम्म्याले बापलेक या. पोट्ट्याले पाहू, मंगच हो का नाही ते सांगू."

जायचं मोटरसायकलने. अब्बांची कंबर नाजूक, आणि गाडीचं पुढचं चाक तर खड्ड्यात घण घातल्यासारखं आपटायचं. मी गजूभाऊ मेकॅनिककडे गेलो.

"पुढच्या शॉकअपमंधलं तेल खराब झालं. नवं टाका लागते. तुमच्या गाडीले दहा नंबर," तो म्हणाला. समोर तीन बाटल्या मांडल्या : पाच, दहा आणि वीस. नंबर मोठा तितकं तेल जाड.

मी सवयीने मनगट पुढे केलं.

"भाऊ, हे लावाचं नाही, गाडीत भराचं हाय!"

"तेल म्हणजे तेल, गजूभाऊ. तीन पिढ्या गेल्या आमच्या ह्याच्यात!"

वीस नंबर मनगटावर काकवीसारखं बसून राहिलं. दहा बरं होतं, पण त्यात जादू नव्हती. पाच मात्र कातडीवरून असं काही सरकलं, की मला कामरगावचा अख्खा लग्नमांडव दिसला. (वास रॉकेलचा होता. प्रेमात तेवढं चालतं.)

"पाच भर."

"गाडी डोलन भाऊ!"

"डोलू दे," मी डोळे न उघडताच म्हणालो.

जुम्म्याची नमाज झाली आणि निघालो. मागे अब्बा, त्यांच्या मांडीवर भेटीची अत्तरपेटी. काय सांगू! गाडी चालत नव्हती, झुलत होती! एका खड्ड्याचे हेलकावे पुढच्या खड्ड्यापर्यंत पुरायचे. दोन्ही बाजूंना तुरी फुललेल्या, ऊन मऊ, वारा सुस्तावलेला. अब्बा पाळण्यातल्या बाळासारखे झोपी गेले. त्यांचं डोकं माझ्या पाठीवर टेकलं, एक हात माझ्या कमरेभोवती आला, आणि मी गेलो खयालात. रस्ता कुठेच संपत नव्हता, मागे नाझनीन बसली होती, आम्ही दोघं त्या पिवळ्या फुलांवरून तरंगत निघालो होतो. मी तिच्या हातावर हळूच हात ठेवला. थोपटला.

"समोर पाह्य!" नाझनीन अब्बांच्या आवाजात ओरडली.

समोर हाजीसाहेबांचं घर होतं आणि दारात खुद्द हाजीसाहेब! मी करकचून ब्रेक दाबला. गाडीने वाकून असा मुजरा केला, की अब्बा माझ्या पाठीवर चढले, पेटी दोघांच्या मध्ये चेपली आणि आतल्या शिश्या फुटल्या. गुलाब, खस, मोगरा, सगळं आमच्या अंगावर! गल्लीतल्या बाया दारात आल्या. "वरात कोनाची आली वो?" एकीने विचारलं. आम्ही उतरलो, तरी गाडी आपली खालीवर होतच होती.

हाजीसाहेबांनी गाडीकडे पाहिलं. "शॉकअप गेले काय?"

"नाही जी, कालच नवं तेल टाकलं," अब्बा म्हणाले.

"कोनं पसंत केलं ते?"

अब्बांनी माझ्याकडे बोट दाखवलं. आतून दाबलेलं हसू ऐकू आलं. माझा जीव टांगणीला लागला. गेली नाझनीन! गाडीही माझीच, नाकही माझंच, दोष तरी कुणाला देणार?

हाजीसाहेबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आन आमची पोरगी? ते कोनं पसंत केली?"

मी तोंड उघडणार, तोच अब्बा ओरडले, "मी! ह्याचा काई संबंध नाही!"

सोयरीक जमली. निकाह झाला. आता घरात पडदे घ्यायचे असोत की भिंतीचा रंग, पसंतीची वेळ आली की नाझनीन मला दळण आणायला पाठवते. पायी.