मार्क माझेच आहेत

मी लॉला अर्ज भरणार म्हणाले, तेव्हा पप्पांनी पहिल्यांदा मार्क विचारले.

"बीएला किती होते तुला?"

त्यांना माहीत होतं. शिरूरच्या मिशनच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं होतं. स्वतःच्या मुलीचे मार्क ते विसरणं शक्य नव्हतं. त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचे होते.

"शेहेचाळीस टक्के. पंचेचाळीस लागतात."

"लागतात म्हणून भरायचा?"

"व्हय," मी म्हणाले. घरात असं गावठी बोललेलं त्यांना कधी चालायचं नाही, म्हणून मुद्दामच म्हणाले.

वीस वर्षं मी निमलष्करी दलात होते. शिपाई म्हणून लागले, हवालदार म्हणून पेन्शनवर आले आणि दौंडला नवऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला लागले. बीए मी नोकरीत असतानाच बाहेरून केलं. पुस्तकं पोस्टानं यायची आणि मी जिथून बदलून गेले तिथं पोचायची. एकदा ऐन पेपरच्या आठवड्यात निवडणुकीचा बंदोबस्त लागला. पण सगळं बंदोबस्तावर ढकलणार नाही. बाकीची वर्षं पुस्तकं माझ्या पेटीतच होती आणि ड्यूटीवरून आल्यावर मी झोपत होते. ती झोप मला हवी होती. तिच्यासाठी मी आजही कुणाची माफी मागणार नाही.

वकिलीचं मनात आलं ते एका मैत्रिणीमुळे. झारखंडची होती, माझ्याच बराकीत राहायची. मूल आजारी पडलं म्हणून ती रजेवरून फार उशिरा परत आली आणि तिच्यावर खात्याची चौकशी बसली. चौकशीत आपल्या बाजूनं बोलायला एक सहकारी घेता येतो. तिनं मला घेतलं. मी कडक युनिफॉर्म घालून गेले आणि तिच्या मुलाबद्दल बोलत राहिले. नियम काय आहे, आधी काय विचारायचं, कुठल्या कागदावर हरकत घ्यायची, यातलं मला काहीही कळत नव्हतं. तिची नोकरी गेली. जाताना ती म्हणाली, "तूने बोला, इतना काफी है." मला ते काफी वाटलं नाही. अजून वाटत नाही.

माझा धाकटा भाऊ पप्पांकडेच राहतो. रांजणगावच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. पप्पांच्या शुद्ध भाषेचा त्याच्यावर काही परिणाम झालेला नाही. तो म्हणाला, "ताई, अर्जाला एक कागद जोड ना. मी बॉर्डरवर व्हते, गोळीबार व्हता, म्हणून मार्क कमी हायेत. कोण न्हाई म्हणंल?"

"ज्या वर्षी सगळ्यात कमी पडले, त्या वर्षी मी दिल्लीत एका इमारतीच्या गेटवर उभी होते," मी म्हणाले. "तिथं गोळीबार नव्हता. नुसता कंटाळा होता."

"त्यांला काय म्हाईत?"

"मला माहीत आहे."

पप्पा पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "कारण दिल्यानं कमीपणा येत नाही."

"खोटं दिल्यानं येतो ना?"

त्यांनी पेपरचं पान उलटलं. त्या दिवशी मी जेवून लगेच दौंडला निघाले. न्हावऱ्याच्या फाट्यापर्यंत रागातच होते.

प्रवेश परीक्षेचा अभ्यास मी क्वार्टरमध्ये केला. नवऱ्याच्या शिफ्टप्रमाणे घर झोपायचं आणि उठायचं, त्यात मी माझी वेळ काढली. मार्क बरे पडले. फार नाही, बरे. कागदपत्रं तपासायला पुण्याला गेले, तर खिडकीतले साहेब म्हणाले, "माजी सैनिक ना? बाजूच्या रांगेत जा." बाजूच्या रांगेत उभी राहिले. तिथल्या मॅडमनी माझं डिस्चार्जचं पुस्तक उलटसुलट पाहिलं.

"तुमचं दल यात येत नाही. फक्त आर्मी, नेव्ही, एअर फोर्स."

"मग मी वीस वर्षं कोण होते?"

"तसं नाही हो, मॅडम. व्याख्येत बसत नाही."

त्या बाईंचा काही दोष नव्हता. व्याख्या त्यांनी केलेली नव्हती. पण कुणीतरी बसून ती केली होती, आणि ती करताना माझ्यासारखं कुणी त्या खोलीत नव्हतं. मी म्हणाले, "चालेल. ओपनमधून घ्या." आणि पुन्हा पहिल्या रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले.

प्रवेशाच्या पहिल्या फेऱ्यांत कुठंच नंबर लागला नाही. मग एका कॉलेजात संस्थेच्या कोट्यातल्या जागांसाठी मुलाखतीला गेले. समोर तिघं होते. मधल्या सरांनी माझी फाईल पाहिली आणि फार सभ्यपणे म्हणाले, "तुमच्या सेवेचा आम्हाला आदर आहे. पण हे मार्क बघता अभ्यास झेपेल का? काही अडचणी असतील तेव्हाच्या, तर सांगा."

भावानं सांगितलेला दरवाजा त्यांनी स्वतःच उघडून दिला होता. आत जायला एक वाक्य पुरलं असतं.

"मार्क माझेच आहेत, सर. तेव्हा तेवढाच अभ्यास केला. आता जेवढा केला, तो प्रवेश परीक्षेत दिसतोय."

"तेही काही फार नाहीत."

"नाहीत. पण नियमात बसतात. आदर नको, जागा असेल तर द्या."

शेवटच्या खुर्चीतल्या बाईंनी मान खाली घातली. हसल्या की काय, कळलं नाही. त्या कॉलेजनं मला घेतलं नाही.

पुढच्या रविवारी शिरूरला चर्चमध्ये गेले. उपासना सुटल्यावर बाहेर लिंबाखाली सगळे उभे होते. मिशनच्या दवाखान्यातून रिटायर झालेल्या सिस्टरबाईंनी पप्पांना विचारलं, "लेक काय करतीय आता?"

"काहीतरी कोर्स चाललाय," पप्पा म्हणाले.

मी दोन पावलं पुढं झाले. "लॉला अर्ज केलाय, सिस्टरबाई. बीएला काठावर पास आहे, म्हणून एका कॉलेजनं नाही म्हटलं. दुसरीकडं भरलाय."

पप्पांनी चष्मा काढून पुसला. सिस्टरबाई म्हणाल्या, "मी नर्सिंगला दोनदा नापास झाले होते. इथं सगळ्यांना सलाईन मीच लावलंय." आणि त्या आपल्या रिक्षाकडे चालू लागल्या.

घरी आल्यावर पप्पांनी बूट काढून ठेवले. मग म्हणाले, "चारचौघांत सांगायची गरज नव्हती."

"लपवायचीही नव्हती, पप्पा."

दुसऱ्या कॉलेजात शेवटच्या फेरीत कुणीतरी जागा सोडली आणि ती मला मिळाली. कॉलेज लहान आहे, लायब्ररी त्याहून लहान. दौंडहून रोज रेल्वेनं जाते. वर्गातली पोरं आधी मला मॅडम म्हणायची, आता ताई म्हणतात आणि नोट्स मागतात.

पहिल्या सेमिस्टरला माझा एक विषय राहिला. कराराचा कायदा. निकाल लागला त्याच दिवशी मी पप्पांना फोन केला, भावाकडून कळायच्या आत.

"कितीनं राहिला?" त्यांनी विचारलं.

"चारनं."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "पुस्तक घेऊन ये रविवारी. मला कायदा कळत नाही, पण तू वाच, मी प्रश्न विचारतो."

"तुम्ही रागावणार असाल तर नाही येणार."

"रागावणार," ते म्हणाले. "तरी ये."

मी गेले. ते रागावले. करार कशाला म्हणायचं यावरून दुपारभर आमचं भांडण झालं, आणि एकदाही मी माघार घेतली नाही.