आत्तीच्या छातीचा फोटो

वडगावच्या मागवाल्या विणकरांच्या गल्लीत रक्षाचा तोरा काय विचारू नका! एक्स-रे काढायला शिकलेली गल्लीतली पहिली पोर. मागाच्या धुळीनं फुप्फुसं कशी बिघडतात हे कॉम्प्युटरला शिकवायचं संशोधन बेळगावात निघालं, तेव्हा डॉक्टर माधवींनी तिलाच घेतलं. त्यांचा नियम कडक होता. फोटो कुणाचा, कुणी काढला आणि त्या माणसानं हो म्हटलं का, हे प्रत्येक फोटोबरोबर नोंदवायचं.

परक्यांना रक्षा नीट समजावून सांगायची. गल्लीत मात्र, छे! आपल्याच माणसांना कसलं विचारायचं? बायाक्का तर तिची सख्खी आत्ती, बापाची बहीण, अंगाखांद्यावर खेळवलेली. "आत्ती, श्वास धर," एवढंच ती म्हणाली आणि परवानगीपुढं 'हो' दाबून मोकळी झाली. आत्तीच्या गळ्यात वारलेल्या नवऱ्यानं बांधलेला तांब्याचा वाकडा ताईत होता, तोही तिनं काढायला लावला नाही.

मग डॉक्टरांनी गल्लीतल्याच मंगल कार्यालयात विणकरांसाठी कार्यक्रम ठेवला. पडद्यावर एक छाती आली. नाव नाही, गाव नाही. एका बाजूला पांढरा डाग आणि मधोमध तो वाकडा ताईत.

"अगं बया, ही तर बायाक्का!" कोण तरी ओरडलं.

झालं! आत्तीनं पदर तोंडावर ओढला. डाग धुळीचा आहे, दुसऱ्याला लागत नाही, हे डॉक्टर सांगून सांगून दमल्या. पण ऐकतंय कोण? शेजारणी आत्तीच्या घरचा चहा नको म्हणू लागल्या. रक्षाला गल्लीतनं मान वर करून चालवेना.

डॉक्टरांनी दोघींना बोलावून घेतलं. "नोंदीत 'हो' आहे आणि त्यापुढं रक्षाचं नाव. बायाक्का, तुम्हाला विचारलं होतं ना? नसेल तर सांगा. फोटो जिथं जिथं गेलाय, तिथून काढायला लावते."

रक्षानं मनात म्हटलं, आता नोकरी गेलीच!

"व्हय की," आत्ती ठणकावून म्हणाली. "इचारलंवतं पोरीनं."

"मग राहू दे," डॉक्टर म्हणाल्या. आणि रक्षानं खरं तसंच गिळलं!

परतताना रिक्षात आत्तीनं तिला कोपरानं ढोसलं. "रक्षे, तू काय इचारलंवतंस म्हणायचं गं? परत कुणी इचारलं तर मला सांगाय आलं पायजे."

रक्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिनं रडत रडत सगळं सांगितलं. फोटो कॉम्प्युटरला शिकवायला वापरतात, दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडं पाठवतात, चार माणसांत दाखवतात. आधी सांगायचं होतं ते आता सांगितलं.

आत्ती ताईत चाचपत बसली.

"असं व्हय," ती म्हणाली. "मग मी नको म्हटलं असतं गं."

रक्षानं डोळे पुसले आणि रिक्षा मागं, डॉक्टरांकडं फिरवायला सांगितली.