कावळ्याचं म्हणून वाचलेलं घरटं

मुलुंडच्या आमच्या सोसायटीतल्या आंब्यावर शिक्र्याच्या जोडीने घरटं केलं, तेव्हा सगळ्यांना ते कावळ्याचंच वाटलं. काटक्यांचा तसाच गबाळा ढीग. म्हणून तर ते टिकलं. पितृपक्षात गच्चीवर पान ठेवलं की कावळा लागतो, त्याचं घर कोण मोडणार?

खरं काय ते आईला ठाऊक होतं. खुबा मोडल्यापासून तिची खाट खिडकीशी होती आणि घरटं अगदी समोर. मादी कबुतराएवढी, नर तिच्याहून लहान, पण डोळे लालभडक. तो सरडा पकडून आणायचा. ती फांदीवर येऊन घ्यायची आणि परत अंड्यांवर जाऊन बसायची.

"झिला, बघ, नवरो सरडो घेवन इलो. पण ती त्येका घरट्यात पाय ठेवूक देना नाय," आई खुशीत सांगायची.

पुढे पांढरी, कापसासारखी पिल्लं दिसू लागली. डॉक्टरांनी तोवर आशा सोडली होती, आणि ते आईलाही कळलं होतं. "एकदा ही उडताना बघलंय की सुटलंय," एवढंच ती म्हणाली.

मग सेक्रेटरींच्या गाडीवर होल्याचा रक्ताळलेला पंख पडला. त्यांनी वर पाहिलं.

"अरे, हा कावळा नाहीये यार! शिकारी पक्षी आहे. खाली पोरं खेळतात."

मी त्यांच्या दारात गेलो. आवाज चढवून सांगितलं, हात जोडूनही सांगितलं, की आईला पिल्लं उडताना बघायची आहेत, तेवढं थांबा. ते "बघतो" म्हणाले. सोसायटीत 'बघतो' म्हणजे नाही, हे मला कळायला हवं होतं. सकाळी पावसाळ्याआधीच्या छाटणीच्या नावाखाली नेमकी तीच फांदी पाडली. पिल्लं पालापाचोळ्याबरोबर टेम्पोत गेली. मादी रिकाम्या जागेभोवती ओरडत राहिली. आईने खिडकी लावायला सांगितली आणि पुन्हा कधी उघडू दिली नाही.

तिच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. मामाने नातीचं लग्न थाटात करू म्हणून सांगितलं, गावचं घर सांभाळू म्हणून सांगितलं. कावळे भिंतीवरून नुसते बघत होते. सेक्रेटरीही आले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "काहीतरी इच्छा राहिली असेल त्यांची. कबूल करा, शिवेल."

मी त्यांचा हात काढला.

"इच्छा तुम्हाला माहीत आहे," मी म्हटलं. "तुम्हीच करा कबूल."