पोटावरचा तीन बोटांचा हात

चौथीतून शाळा सुटली, तेव्हा लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या. आमच्या देवगडाकडं झाडाझाडाखाली भुतं दाखवणारे पुष्कळ, आणि मी त्यांची टिंगल करणाऱ्यातला. आजही भूत पाहिलं असं म्हणत नाही. अंगावर जे झालं तेवढंच लिहितो...

परभणी जिल्हा मुंबई राज्यात आला, त्याच्या पुढल्या हंगामात मी मानवतला एका जिनिंग-प्रेसमध्ये होतो. कापसाची गाठ बांधताना लोखंडी पट्टी तुटली आणि तिचं टोक बेंबीच्या डाव्या अंगाला घुसलं. शेजारी चुडाव्याचा मारोती होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं यंत्रानं पूर्वीच नेलेली. उरलेल्या तीन बोटांनी त्यानं जखम दाबून धरली, ती परभणीच्या दवाखान्यात मला टेबलावर ठेवीपर्यंत सोडली नाही. लॉरीत म्हणायचा, "कोकण्या, मरू नको रं. माझा हात अडकलाय तुझ्यात!"

डॉक्टरांनी आतली फाटलेली रक्तवाहिनी शिवली. सोडताना म्हणाले, "जखम भरली म्हणजे संपलं नाही. दर महिन्याला दाखवून जायचं." मी जायचो. ते पोटावर तळवा ठेवायचे, नळी लावून ऐकायचे आणि "ठीक" म्हणायचे. त्या एका शब्दावर माझा महिना निघायचा. गावी आईला तर मी काही कळवलंच नव्हतं.

हंगाम संपला, मारोती गावी गेला. मी मिलच्या राखणीला राहिलो. उन्हाळ्यात बेंबीजवळ काहीतरी उडायला लागलं... हात ठेवला की खाली बेडूक धरल्यासारखं. तपासणी जवळ आली होती, तोवर काढू म्हटलं. पण घरमालकीण मथुराबाई जीव लावणारी. तिनं पाहिलं.

"अवं भाऊ, बेंबी सरकलीय तुमची! ह्याला कशाला डाक्टर? गोदामावशी चोळून बसवत्यात."

तिकडं पोट बिघडलं की बेंबीखालची नाडी जागा सोडते असं मानतात, आणि तेल लावून, अंगठ्याच्या जोरानं ती परत जागेवर आणतात. माझी नाडी तर डावीकडं उडताना डोळ्यांना दिसत होती. मलाही पटलं.

अक्षय्य तृतीयेच्या, तिकडच्या आखितीच्या, दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, मला ओसरीवर उताणं निजवलं. गोदामावशी शेजारच्या गावची, आडव्या हाडाची. म्हणाली, "हेडमास्तरची बेंबी बसवली म्या, तुझी काय मजाल!"

तेलाचा अंगठा खाली आला... आणि मध्येच थांबला. त्याच क्षणी मला पोटावर वजन जाणवलं — टाक्याच्या बरोबर वर, ऊन, घट्ट.

"हात काढ की रं तुझा," मावशी म्हणाली.

माझे दोन्ही हात डोक्याखाली होते.

तिनं पुन्हा अंगठा नेला. मग पदराला तेल पुसत मागं सरकली. "मथुरा, हितं आधीच कुनाचा तरी हात हाय."

"काय बोलायलाव मावशी?"

"तीन बोटं हायत. दाबून धरलंय. म्या न्हाई चोळत. गाडीत घाल ह्याला, आत्ताच्या आत्ता."

मारोतीला तिनं कधी पाहिलं नव्हतं.

ते वजन परभणीपर्यंत पोटावर होतं. डॉक्टरांनी तळवा ठेवला, तेव्हा कुठं ते उठलं. त्यांचा चेहरा बदलला. "टाका उसवलाय. शिरेला रक्ताची पिशवी धरलीय. कुणी चोळलं नाही ना?"

"नाही."

"चोळलं असतं तर जागेवर संपला असतास."

दुसरं ऑपरेशन झालं. हिंडायला लागल्यावर धोतरजोडी घेऊन चुडाव्याला गेलो. मारोती बाजेवर बसला होता, उजवा हात घोंगडीत गुंडाळलेला. त्याची बायको म्हणाली, "आखितीच्या दुसऱ्या दिशी, दुपारी, भाकर मोडता मोडता ह्यांची मूठ वळली भाऊ. सांजच्याला सुटली. पर तवापासून हात गारच हाय."

मी सगळं सांगितलं. सांगताना रडलो. मारोती हसला, "काम झालं आसंल तर हात दे की माघारी, कोकण्या!"

त्याची बायको हसली नाही.

आता डॉक्टर म्हणतात, वर्षातून एकदा आलास तरी पुरे. मी दर महिन्याला जातो. ते "ठीक" म्हणाले की तसाच पुढं चुडाव्याला जाऊन मारोतीचा हात हातात घेतो. अजून गारच आहे. आणि माझ्या पोटावरची तेवढी जागा, कडाक्याच्या थंडीतसुद्धा, ऊन असते... याचा उलगडा डॉक्टरांनाही झाला नाही, गोदामावशीलाही नाही. मला तर विचारायचीच भीती वाटते.